कृत्यांआधीचा निकाल

अंत्युखियाच्या मंडळीत जेवणावरून वाद झाला. यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे तिथे एका पंगतीला बसत, आणि पेत्रही त्यांच्यात बसत असे. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली, तसा पेत्र मागे सरकू लागला, वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी उठले. पौलाचा जुना सोबती बर्णबाही उठला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो हा प्रसंग सांगतो आणि सांगता सांगताच मूळ मुद्द्यावर येतो: देवापुढे माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावर ठेवलेल्या विश्वासामुळे, नियमशास्त्र पाळल्याने कोणी तसा ठरत नाही. ज्या सिद्धांतावरून पुढे पाश्चात्त्य ख्रिस्तसभा दुभंगली आणि ज्याच्यावर गेली पाचशे वर्षे ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले, त्याचा हाती असलेला बहुधा पहिला लेखी उच्चार असा पंगतीच्या भांडणात झाला आहे.

मराठी वाचकाला पंगतीतून उठण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून या विषयाची ओळख इथून व्हावी असे मला वाटते. एरवी ती सोळाव्या शतकातल्या एका जर्मन मठातून होते. तिथे एक संन्यासी आपल्या पापांनी हैराण झालेला आहे आणि देव आपल्याला स्वीकारील का, या प्रश्नाने त्याची झोप उडाली आहे. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. एकट्या जिवाची तळमळ आणि एका पंगतीला कोणी बसायचे हा प्रश्न, ही या शिकवणीची दोन्ही अंगे पौलापाशी एकत्र होती. पुढच्या काळात एक अंग इतके वाढले की दुसरे दिसेनासे झाले. ही दोन्ही अंगे मराठीत पुन्हा शेजारी आणावीत, यासाठी हा संग्रह आहे.

मूळ प्रश्न साधेपणाने मांडता येतो. देव न्यायी आहे, माणूस पापी आहे. मग माणसाने देवापुढे उभे राहायचे कसे? आपला नेहमीचा विचार हिशोब शेवटी ठेवतो. आधी आयुष्य जगायचे, मग पापपुण्याची मोजदाद व्हायची आणि त्यानंतर निकाल. पौल हा क्रम उलटा करतो. त्याच्या मते निकाल आधीच लागला आहे. तो येशूच्या वधस्तंभावर आणि पुनरुत्थानात लागला; माणसाने काही कमावण्याआधी, तो देवाचा वैरी असतानाच लागला. माणसाने तो विश्वासाने स्वीकारायचा आणि त्याला शोभेल असे जगू लागायचे. चांगली कृत्ये त्यातून निघतात, पण ती त्याची किंमत होत नाहीत. मराठी बायबल देवाच्या या मोफत देण्याला कृपा म्हणते, त्यातून मिळणाऱ्या स्थानाला नीतिमत्त्व आणि एकूण सुटकेला तारण. तारणात पापांची क्षमा येते, मरणावरचा विजय येतो, नवे जीवन आणि सृष्टीचे नवे होणे हेही येते. नीतिमान ठरणे हा त्याचा एक भाग; पण तो भाग डळमळला की बाकीचे सगळेच डळमळते.

इथपर्यंत बहुतेक ख्रिस्ती पंथ बरोबरीने चालतात. यापुढे मात्र फाटे फुटतात. देव माणसाला नीतिमान ठरवतो, म्हणजे केवळ तसे जाहीर करतो, की त्याला आतून बदलून खरोखर तसा घडवतो? विश्वास म्हणजे काही गोष्टी खऱ्या मानणे, की एखाद्यावर जीव टाकून विसंबणे, की आयुष्यभर निष्ठेने राहणे? आणि कृत्ये त्यातून निघत असतील, तर ती निघालीच नाहीत तेव्हा काय समजायचे? पंथांमधले मतभेद वरवर कितीही गुंतागुंतीचे दिसोत, ते या तीन प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

पौलाने हा विचार शून्यातून काढला नव्हता. तो यहूदी शास्त्रांत मुरलेला माणूस होता. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात म्हाताऱ्या, निपुत्रिक अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून धरला गेला. हे सुंतेच्या आधी घडले आणि मोशेच्या नियमशास्त्राच्या तर कितीतरी आधी, इकडे पौल मुद्दाम लक्ष वेधतो. नीतिमान माणूस विश्वासाने जगतो, हे संकटात सापडलेल्या हबक्कूक संदेष्ट्याचे वचनही त्याच्या हाताशी होते. आणि यशयाच्या उत्तरार्धात देवाचे नीतिमत्त्व व देवाने केलेले तारण पुन्हा पुन्हा जोडीने येतात. तिथला नीतिमान देव आरोपींना शिक्षा ठोठावून थांबत नाही. दिलेल्या शब्दाला जागून तो आपल्या लोकांना सोडवायला येतो.

इ.स. 57च्या सुमारास करिंथहून रोमकरांना लिहिलेले पत्र हा या विचाराचा सर्वांत भरघोस आविष्कार आहे. ते थंड डोक्याने लिहिलेले धर्मशास्त्र आहे असे समजले जाते. मला ते तसे वाटत नाही. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवून दिले होते. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य त्यामुळेच करिंथला येऊन पोचले होते. पुढे यहूदी परतले, तोवर तिथल्या मंडळ्यांत परराष्ट्रीयांचा जोर झाला असावा. पत्राच्या शेवटाकडे, चौदाव्या आणि पंधराव्या अध्यायांत, कोण काय खातो आणि कोणता दिवस पाळतो यावरून एकमेकांना दोषी ठरवू नका, ख्रिस्ताने तुम्हाला स्वीकारले तसे एकमेकांना स्वीकारा, असे पौल कळवळून सांगतो. पहिल्या आठ अध्यायांतला सिद्धांत तिथे स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतो.

याच नव्या करारात याकोबाचे पत्रही आहे. माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, एकट्या विश्वासाने नाही, असे ते पौलाच्या नेमके उलट वाटावे अशा शब्दांत सांगते आणि दाखलाही त्याच अब्राहामाचा देते. दोघांचा मेळ घालायचे प्रयत्न दोन हजार वर्षे चालू आहेत. माझे मत असे की दोघांपुढची माणसे वेगळी होती. पौलापुढे आपली कृत्ये आणि आपली ओळख पुढे करून दुसऱ्याला बाहेर ठेवणारे होते. याकोबापुढे विश्वासाची भाषा बोलत उघड्यानागड्या भावाला रिकाम्या हाती परत पाठवणारे होते. याकोबाचे पत्र नव्या करारात राहिले ही देवाची दया आहे. त्याच्यावाचून ही शिकवण आळशी माणसाच्या हातातले प्रमाणपत्र होऊन बसली असती.

पहिली तीनचार शतके या मुद्द्यावर मोठी लढाई झाली नाही. ती पेटली पाचव्या शतकात. ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलागियसला तिथल्या ख्रिस्ती लोकांची शिथिलता बघवेना. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याचे बळ माणसात असलेच पाहिजे, असे तो शिकवू लागला. म्हणणे सरळ आहे आणि आजही कित्येक भल्या माणसांना तेच पटते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला. माणसाची इच्छाच आजारी आहे. चांगले काय हे कळूनही ती तिकडे वळत नाही. आधी कृपेने ती बरी व्हावी लागते. हे त्याने स्वतःच्या आयुष्यातून ओळखले होते. 418 साली कार्थेजच्या सभेने पेलागियसची मते नाकारली आणि 529 साली ऑरेंजच्या सभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते असे ठरवले. मात्र ऑगस्टीनच्या दृष्टीने नीतिमान ठरणे म्हणजे आतून बरे होणे, आणि ते आयुष्यभर चालते. मध्ययुगाने हाच धागा पुढे नेला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने कृपा हे आत्म्यात ओतले जाणारे दान मानले आणि प्रीतीने आकार घेतलेला विश्वासच तारतो असे मांडले. त्याच्यातही आरंभ देवाकडूनच होतो. उत्तर मध्ययुगातल्या काही पंडितांनी मात्र, गाब्रिएल बील हे त्यांतले ठळक नाव, असे शिकवले की माणसाने आपल्या परीने होईल तेवढे करावे, देव त्याला कृपा नाकारणार नाही. ऐकायला हे दिलासा देणारे आहे. पण आपण होईल तेवढे केले की नाही, हे कोणी ठरवायचे?

मार्टिन ल्यूथर या प्रश्नात अडकला. 1505 साली तो एर्फुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणे, तासन्‌तास चालणारे पापनिवेदन, सगळे करूनही मनाला ठाव सापडेना. पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात स्तोत्रे, मग रोमकरांस पत्र, मग गलतीकरांस पत्र शिकवताना त्याला वाट दिसत गेली. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात सुवार्तेत प्रकट होणाऱ्या देवाच्या नीतिमत्त्वाचा उल्लेख येतो आणि त्याची त्याला धडकी भरत असे, कारण ते शिक्षा करणाऱ्याचे नीतिमत्त्व असे त्याला शिकवलेले होते. ते देव माणसाला देतो ते नीतिमत्त्व आहे असे उमगले, तेव्हा सगळे शास्त्र त्याला नव्याने दिसू लागले. 31 ऑक्टोबर 1517 रोजी त्याने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले. त्यांत हा सिद्धांत अजून पुरता आलेला नाही. तो स्वच्छ दिसतो 1520 सालच्या ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत. ख्रिस्त माणसाचे पाप घेतो आणि आपले नीतिमत्त्व त्याला देतो. असा माणूस कोणाचाही बांधील नसतो, आणि म्हणूनच प्रीतीपोटी सगळ्यांचा चाकर होऊ शकतो. विश्वासणारा देवाच्या निकालात नीतिमान असतो आणि स्वतःकडे पाहिले तर पापीच असतो, दोन्ही एकाच वेळी, हे ल्यूथरचे सांगणे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक वाटते. याकोबाच्या पत्रावर त्याने अन्याय केला, हेही नोंदवले पाहिजे. त्याला त्याने गवताचे पत्र ठरवले. पुढच्या आवृत्त्यांतून तो शेरा गेला, पण ल्यूथरच्या अनुयायांच्या मनावर त्याची छाप राहिली.

इथे प्रस्तावनांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याला वाट कशी सापडली, हे ल्यूथरने सविस्तर सांगितले ते 1545 साली, आपल्या लॅटिन लेखनसंग्रहाच्या प्रस्तावनेत. रोमकरांस पत्राला त्याने जोडलेली प्रस्तावना 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर एका लहान सभेत वाचली जात होती. ती ऐकताना जॉन वेस्ली या इंग्रज धर्मगुरूला आपल्याही पापांची क्षमा झाल्याची खात्री पटली, आणि मेथडिस्ट चळवळीला प्राण मिळाला. आणि 1957 साली हान्स क्युंग या तरुण कॅथलिक अभ्यासकाने कार्ल बार्थ या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाच्या विचाराची ट्रेंटच्या कॅथलिक सभेच्या शिकवणीशी तुलना केली, तेव्हा त्या पुस्तकाच्या आरंभी खुद्द बार्थचे पत्र छापले गेले: रोमची शिकवण खरोखर अशी असेल तर माझी तिच्याशी जुळते. अशा प्रस्तावनांच्या पंक्तीत बसण्याची या चार पानांची योग्यता नाही, पण प्रस्तावना गांभीर्याने लिहावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

ल्यूथरनंतर भांडण अटळ होते, असे इतिहास मागे वळून सांगतो. पण 1541 साली रेगन्सबर्गला ते जवळजवळ मिटले होते. कॅथलिकांकडून कार्डिनल कोंतारिनी आणि सुधारकांकडून मेलांख्थॉन, बुत्सर आदी मंडळींनी नीतिमान ठरण्याविषयीचा एक सामाईक मसुदा मान्य केला. रोमनेही तो स्वीकारला नाही आणि ल्यूथरनेही नाही. पुढे 13 जानेवारी 1547 रोजी ट्रेंटच्या सभेने आपला ठराव काढला, सोळा अध्याय आणि तेहतीस नियमांचा. प्रोटेस्टंट घरांत तो न वाचताच नाकारला जातो, आणि याचे मला वाईट वाटते. त्याचा पहिलाच नियम ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी देवापुढे नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याला बाहेर काढतो. ट्रेंटचा आग्रह वेगळ्या जागी आहे: कृपा माणसाला खरोखर बदलते, माणसाची जागी झालेली इच्छा तिला साथ देते, आणि हे नीतिमत्त्व वाढते तसे गमावतादेखील येते. ल्यूथरच्या अनुयायांना त्यात खात्री निसटताना दिसली. ट्रेंटच्या धर्मगुरूंना ल्यूथरच्या शिकवणीत पवित्र जीवन निसटताना दिसले. दोघांची भीती खरी होती.

जॉन कॅल्विनने या कोंडीतून एक मार्ग काढला, त्याला मी या काळातले सर्वांत समतोल उत्तर मानतो. विश्वासाने माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो आणि त्या एका जोडणीतून दोन दाने एकदमच मिळतात: निर्दोष ठरवले जाणे आणि पवित्र केले जाणे. सूर्याचा उजेड आणि ऊब वेगळी ओळखता येतात, वेगळी करता येत नाहीत, तसे. अनाबाप्टिस्टांनी सुधारकांनाच विचारले: विश्वास आहे तर येशूमागे चालणे कुठे आहे, आणि हातात तलवार कशी? त्या विचारण्यासाठी त्यांतल्या अनेकांनी जीव दिला. कृपा नाकारता येते का, यावर हॉलंडमध्ये आर्मिनियसचे अनुयायी आणि कॅल्विनवादी भांडले आणि 1618-19च्या डॉर्टच्या सभेने आर्मिनियसपंथीयांना बाहेर काढले. वेस्ली पुढे त्या बाहेर काढलेल्यांच्याच बाजूने उभा राहिला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेला हा सगळा वाद परका वाटत आला. 1570च्या दशकात ट्युबिंगेनच्या ल्यूथरपंथी पंडितांनी आपले विश्वासपत्र ग्रीकमध्ये करून कॉन्स्टँटिनोपलचे कुलपिता दुसरे जेरेमिया यांना पाठवले. काही वर्षे पत्रव्यवहार झाला. अखेर कुलपित्यांनी सौजन्याने कळवले की सिद्धांतावर आता लिहू नका, मैत्रीसाठी लिहा. पूर्वेकडे तारणाची मांडणी न्यायालयाच्या भाषेत फारशी होत नाही. देव माणूस झाला तो माणसाने देवाच्या जीवनात सहभागी व्हावे म्हणून, हा तिथला गाभा. विसाव्या शतकात फिनलंडच्या तुओमो मान्नेर्मा यांनी ल्यूथरच्या लिखाणातही विश्वासात ख्रिस्त स्वतः हजर असतो हा सूर दाखवून दिला, तेव्हा हे अंतर वाटत होते तेवढे मोठे नाही असे लक्षात आले.

विसाव्या शतकाने आणखी एक हिशोब मागितला, आणि तो मागायलाच हवा होता. नियमशास्त्राने नीतिमान ठरू पाहणारा, कर्मठ, गर्विष्ठ असा यहूदी माणूस प्रोटेस्टंट प्रवचनांत शतकानुशतके उभा केला जात होता. 1543 साली ल्यूथरने यहूद्यांविरुद्ध विखारी पुस्तक लिहिले होते. नाझींनी ते आनंदाने वापरले. महायुद्धानंतर हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. 1963 साली स्वीडनच्या क्रिस्टर स्टेंडाल यांनी लिहिले की पौलाला ल्यूथरसारखी अपराधी मनाची टोचणी नव्हतीच. त्याचा प्रश्न परराष्ट्रीयांच्या जागेचा होता. 1977 साली ई. पी. सँडर्स यांनी पौलाच्या काळच्या यहूदी लिखाणाची कसून तपासणी केली आणि तो धर्मही देवाच्या कृपेपासूनच सुरू होतो, नियमशास्त्र पाळणे हे करारात शिरण्याचे भाडे नसून करारात राहण्याची रीत आहे, असे दाखवले. जेम्स डन आणि एन. टी. राइट यांनी पुढे मांडले की ज्या कृत्यांना पौल विरोध करतो ती मुख्यतः यहूद्यांना इतरांपासून वेगळे ठेवणारी होती: सुंता, खाण्याचे नियम, शब्बाथ. अंत्युखियाची पंगत पुन्हा मध्यभागी आली. या नव्या दृष्टीने एकट्या पापी जिवाची व्यथा फार लवकर बाजूला टाकली, असा आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे. 2015 साली जॉन बार्कले यांनी वादाला नवे वळण दिले. त्या काळी दान योग्य माणसालाच द्यायचे असा रिवाज होता. पौलाची कृपा वेगळी ठरते ती घेणाऱ्याची लायकी न बघता दिली जाते म्हणून. लायकीच न पाहिल्यामुळे यहूदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसू शकतात. माझ्या मते दोन्ही अंगांना एकत्र बांधणारा धागा इथे हाती लागतो.

दरम्यान, जुने भांडणही मऊ झाले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन विश्वसंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली विटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा विश्वसंघ त्यात सामील झाला. एकमेकांना दिलेले सोळाव्या शतकातले शाप आजच्या एकमेकांच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे त्यांनी मान्य केले. जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्राध्यापकांनी सह्यांच्या आधीच त्याला जाहीर विरोध केला होता, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्या आजही एकत्र बसत नाहीत. अंत्युखियाचा प्रश्न सुटला असे म्हणायला मी तयार नाही.

या वादाच्या दोन्ही बाजू मराठीत दोन शतकांच्या अंतराने आल्या. गोव्यात 1616 साली छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ ट्रेंटनंतरच्या जेझुइट परंपरेतले, आणि तेही ओवीत रचलेले. 1813च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते कॅल्विनचा वारसा घेऊन. त्यांच्या मिशनने 1842 साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने कृपा, पश्चात्ताप, तारण ही भाषा घरोघरी नेली. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात एक सुशिक्षित तरुण या प्रश्नाशी कसा झुंजला ते वाचायला मिळते. पंडिता रमाबाईंचा अनुभव तर या सिद्धांताचा जिवंत दाखला आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला, आपल्यापाशी देण्यासारखे काही नाही हे मान्य केल्यावर. शास्त्रांत पारंगत, साऱ्या जगाने वाखाणलेल्या बाईने हे लिहावे, याला फार मोठे धैर्य लागते. आणि कृपेने त्यांना स्वस्थ बसवले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा त्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या.

नारायण वामन टिळकांना ही शिकवण ओळखीची वाटली ती संतांमुळे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. वारकऱ्याला कृपा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आपल्या पदरी काही नाही, देवच काय ते करील, हा भाव त्याच्या रक्तात असतो. तरी दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. पौलाची कृपा एका विशिष्ट दिवशी, रोमन सत्तेने वधस्तंभावर दिलेल्या एका माणसाशी बांधलेली आहे. तिच्यामागे न्यायाचा प्रश्न उभा आहे: अन्यायाला अन्यायच म्हणत देव क्षमा कशी करतो? पूल आहे, आणि पुलाखाली पाणीही आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींत टिळकांसारखे ब्राह्मण घरांतून आलेले थोडे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर या भागांतल्या प्रोटेस्टंट मंडळ्या मोठ्या प्रमाणात महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. त्यांच्या दृष्टीने पाहिले की हा सिद्धांत वेगळाच उजळतो. जात हादेखील कृत्यांआधी लागलेला निकाल आहे. माणसाने काही करण्याआधी, जन्मतःच, तो अशुद्ध ठरवला जातो, आणि पुढे कितीही चांगला वागला तरी निकाल बदलत नाही. या लोकांना देवाने सांगितले की माझा निकाल त्याच्याही आधीचा आहे आणि तो तुमच्या बाजूने आहे. मिशनऱ्यांचा भर वैयक्तिक पापावर होता, त्यामुळे हा अर्थ त्यांच्या प्रवचनांत फार क्वचित आला असावा. ऐकणाऱ्यांनी मात्र तो ऐकला असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. 1980च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची मांडणी सुरू केली, तेव्हा त्याला शब्द मिळाले. तिकडे लॅटिन अमेरिकेत एल्सा तामेस यांनी 1991 साली जवळपास हेच लिहिले: ज्यांना समाजाने आधीच दोषी ठरवून टाकले आहे, त्यांना नीतिमान ठरणे म्हणजे ताठ मानेने जगण्याचा हक्क. बाप्तिस्मा घेण्याआधीच लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळेओवळे सोडले, याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. आणि हे सगळे असूनही आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना जात विचारली जाते. हे पेत्राचे मागे सरकणेच आहे, आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे.

आज या विषयाची गरज का, याचे उत्तर यातच आहे. आपल्याकडे एका बाजूला विश्वास ठेवा म्हणजे पैसा आणि आरोग्य मिळेल असे सांगणारी प्रवचने मोठ्या मंडपांतून होत आहेत. कृपेचा त्यांनी पुन्हा सौदा केला आहे. दुसऱ्या बाजूला तारण झाल्याची खात्री बाळगून शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणारी धार्मिकता आहे. डीट्रिख बोनहोफरने 1937 साली हिला स्वस्त कृपा म्हटले आणि महाग कृपेची किंमत 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी जाऊन मोजली. आणि या दोहोंच्या मध्ये आपण पुरेसे आहोत हे सतत सिद्ध करत थकलेली तरुण मुले आहेत, मंडळीतलीही आणि बाहेरचीही. त्यांना नव्या कर्तव्यांची यादी देऊन भागणार नाही.

या संग्रहातले लेखक एका पंथाचे नाहीत. कॅथलिक लेखकाने ट्रेंटची बाजू मांडली आहे, ल्यूथरच्या परंपरेतल्याने ल्यूथरची, आणि कोणाचेही म्हणणे दुसऱ्याच्या सोयीसाठी बोथट केलेले नाही. सगळ्यांचे शेवटी एकच आहे असे दाखवण्याचा हेतू नाही. तसे ते नाहीही. वाचकाला प्रत्येक परंपरा तिच्या उत्तम रूपात भेटावी, तिला कशाची भीती वाटत होती ते कळावे, आणि मग त्याने स्वतः निवाडा करावा, एवढी अपेक्षा आहे. यहूदी धर्माविषयी लिहिताना सँडर्सनंतरचे संशोधन डोळ्यांआड केलेले नाही. मराठी मंडळ्यांचा इतिहास परिशिष्टात न ढकलता मुख्य भागात घेतला आहे, कारण तो या सिद्धांताच्या इतिहासाचाच भाग आहे. धर्मशास्त्राचे शिक्षण नसलेल्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून भाषा ठेवली आहे. संतसाहित्यावर वाढलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही यात परके वाटू नये, अशी इच्छा आहे.

वाचकांना एक विनंती. पुढचे पान उलटण्याआधी रोमकरांस पत्र सलग वाचून घ्या. सोळा अध्याय आहेत, तास-दीड तासात वाचून होतात. निवडक वचने वाचू नका, शेवटच्या अध्यायातली माणसांची नावेही गाळू नका. त्याच बैठकीत याकोबाचे पाच अध्याय वाचा. दोघांत जे पटणार नाही त्याची समासात खूण करा, आणि मगच या लेखकांचे म्हणणे ऐका.